हा धूर घरातून आलेला नाही

पंधरा वर्षांचा मुलगा. शेजारी आई, समोर शाळेची समुपदेशक. टेबलावर एक फिकट नारिंगी रंगाचं, हायलायटर पेनाएवढं उपकरण. शाळेच्या स्वच्छतागृहात त्याच्याकडे सापडलेलं. समुपदेशक इंग्रजीत सांगत होत्या, "ही ई-सिगारेट. यात निकोटिन आहे. सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकं, कधी त्याहून जास्तही असतं. तुमच्या मुलाला त्याची सवय लागलीय असं आम्हाला वाटतं." मुलगा आईकडे वळला आणि स्पॅनिशमध्ये म्हणाला, "ही वाफ आहे, आंब्याच्या वासाची. शाळेत आणायला बंदी आहे, म्हणून तुम्हाला बोलावलंय."

आईने मान डोलावली. तिने ते उपकरण उचलून नाकाशी नेलं, वास घेतला आणि खाली ठेवलं. कामावरून तशीच आली होती. हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या बायकांचा राखाडी गणवेश अंगावर होता आणि बोटांना ब्लीचचा वास येत होता.

मी त्या खोलीत होते. लॉस एंजलिसच्या पूर्वेकडच्या वस्तीतल्या एका दवाखान्यातर्फे आठवड्यातून दोन दिवस मी आरोग्याच्या कामाला जाते. स्पॅनिश मोडकंतोडकं बोलते, पण समजतं चांगलं. मुलगा खोटं बोलला नव्हता. सांगायची होती तेवढीच गोष्ट त्याने गाळली होती. आणि ती गाळण्याची मुभा आपणच त्याला दिली होती, कारण त्या खोलीत आईची भाषा येणारा अधिकृत माणूस कोणी नव्हता.

पुढच्याच शनिवारी आपल्या मराठी मंडळींच्या एका जेवणात मी हा प्रसंग सांगितला. एक ओळखीचे गृहस्थ लगेच म्हणाले, "अहो, त्यांच्या घरातच असतं हे सगळं. संस्कृतीच तशी." माणूस वाईट नाही, अडल्यानडल्याला धावून जाणारा आहे. पण हे वाक्य मी या देशात इतक्या तोंडांतून ऐकलं आहे, की त्याला एकदा सविस्तर उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं याच्या अगदी उलट आहे. स्थलांतरित लॅटिनो, म्हणजे मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडच्या देशांतून आलेल्या, घरांची संस्कृती ही त्यांच्या मुलांना तंबाखूपासून वाचवणारी भिंत आहे. मुलं जसजशी इथली होतात, तसतशी ती भिंत ढासळत जाते. तेव्हा विचारायचंच असेल तर भिंत कोण पाडतंय ते विचारा.

आधी आकडे बघू. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांच्या २०२१च्या आकडेवारीनुसार सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांचं प्रमाण गोऱ्यांमध्ये ११.७ टक्के होतं, कृष्णवर्णीयांमध्येही तेवढंच आणि लॅटिनोंमध्ये ७.७ टक्के. उत्पन्न कमी, आरोग्यविमा कमी, कष्टाची कामं जास्त, तरीही लॅटिनोंचं सरासरी आयुष्य गोऱ्यांपेक्षा अधिक, हे कोडं १९८०च्या दशकापासून अभ्यासकांना पडलेलं आहे. त्याची बरीच उकल पुढे झाली आणि उत्तर अगदी साधं निघालं: ही माणसं कमी सिगारेट ओढतात. त्यांच्या आयुष्यातल्या जादा वर्षांचा मोठा वाटा या एका गोष्टीतून येतो.

मग बदलतं कुठे? पिढी बदलते तिथे. बाहेरच्या देशात जन्मून इथे आलेल्या मुलांपेक्षा इथे जन्मलेली त्यांची भावंडं तंबाखूकडे जास्त वळताना दिसतात. २००० साली कॅलिफोर्नियातल्या शाळकरी मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात इंग्रजीचा वापर जास्त असलेल्या लॅटिनो आणि आशियाई मुलांमध्ये सिगारेट सुरू होण्याचा धोका अधिक आढळला. इंग्रजी भाषेत विष आहे असा याचा अर्थ नाही. इंग्रजीसोबत मित्रमंडळी बदलतात, सिगारेट हाती लागणं सोपं होतं आणि 'सगळेच तर ओढतात' असं वाटायला लागतं. भाषा ही फक्त मोजपट्टी. मोजलं जातं ते मूल आपल्या माणसांपासून किती दूर गेलं, हे.

स्पॅनिशमध्ये सिगारेटला लोक सर्रास 'बिसिओ' म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं, कारण तो थेट आपला 'व्यसन' आहे. इंग्रजीत सिगारेटला एक तर सवय म्हणतात, नाही तर आजार. बिसिओत आणि व्यसनात या दोन्हींखेरीज तिसरी गोष्ट आहे: घरच्यांची नजर. आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातीत 'निर्व्यसनी' लिहितात तेव्हा त्या मुलाच्या फुप्फुसांचा दाखला द्यायचा नसतो. तो कोणाच्या घरचा आहे, हे सांगायचं असतं. बिसिओचा भार अगदी तसाच. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने सिगारेट सोडण्यासाठी स्पॅनिशमध्ये पुस्तिका काढली तेव्हा तिच्या नावात हाच शब्द आला: 'रोम्पा कोन एल बिसिओ', म्हणजे व्यसनाशी संबंध तोडा.

गेरार्दो मारीन हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत सिगारेट ओढणाऱ्या लॅटिनोंशी बोलून एक मोलाची गोष्ट टिपली. गोऱ्या लोकांच्या तुलनेत या लोकांना घरच्यांची काळजी अधिक होती. मुलांपुढे वाईट उदाहरण राहतं, लेकरांच्या तब्येतीला बाधतं, तोंडाला वास येतो, अशी त्यांची कारणं. आरोग्याच्या कामात याचा अर्थ फार मोठा आहे. ज्या माणसाला 'तुला कॅन्सर होईल' सांगून फरक पडत नाही, तो 'तुमची नात तुमच्या मांडीवर बसते ना?' एवढ्यावर विचारात पडतो. हे मी स्वतः दवाखान्यात पाहिलं आहे.

स्पॅनिशमधला दुसरा शब्द 'रेस्पेतो'. शब्दशः आदर, पण वडीलधाऱ्यांसमोर कसं वागायचं याची अख्खी रीत त्यात येते. हा समजून घ्यायला मला कुठलं पुस्तक लागलं नाही. माझं माहेर निपाणीकडचं. तंबाखूच्या वखारींचा खकाणा नाकात घेऊनच आम्ही शाळेत जायचो. आजी रोज सकाळी तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करायची. वडील विडी ओढायचे. पण चाळिशी उलटली तरी आजोबांच्या खाकरण्याचा आवाज आला की परड्यात जाऊन विझवायचे. कायद्याची पाटी नव्हती की दंड नव्हता, पण दिवसातल्या कितीतरी विड्या त्या एका खाकरण्याने वाचायच्या. अशी मर्यादा व्यसन सोडवत नाही हे मला माहीत आहे, वडिलांचं सुटलं नाही. पण ती सुरुवात लांबवते. आणि तंबाखूच्या बाबतीत सुरुवात लांबणं ही मोठीच गोष्ट आहे, कारण पंचविशीपर्यंत ज्याने हात लावला नाही तो पुढे सहसा लावत नाही.

इथे मात्र एका गोष्टीपाशी मला थांबावं लागतं, कारण या भिंतीची एक बाजू मला मान्य नाही. ही भिंत मुलींसाठी उंच आहे, मुलांसाठी बुटकी. मेक्सिकोच्या २०१६च्या राष्ट्रीय पाहणीत २७.१ टक्के पुरुष सिगारेट ओढणारे होते, बायका ८.७ टक्के. ही बायकांची सुरक्षितता प्रेमातून आली तशी धाकातूनही आली आहे. आमच्या दवाखान्यात येणारी एक मुलगी मला म्हणाली होती, "भावाच्या खिशात सिगारेट सापडली तर आई ओरडते. माझ्या खिशात सापडली तर मी वाया गेलेली." अशा मुलीला शाळेत मोकळीक मिळते तेव्हा सिगारेट हे बरोबरीचं चिन्ह होऊन बसतं. 'अमेरिकन' होण्याचा परिणाम मुलांपेक्षा मुलींवर जास्त स्पष्ट दिसतो, असं अभ्यासांतून वारंवार समोर आलं आहे, आणि मला त्यात नवल वाटत नाही. जे बंधन म्हणून मिळालं, ते बंधन सुटताच सुटतं. आपल्याकडेही मशेरीने दात काळे झालेल्या बायकांना कोणी बोल लावला नाही, पण सिगारेट ओढणारी बाई दिसली की गाव माना वळवतं. म्हणून 'परंपरा टिकवा, मुली वाचतील' असा सरळ सल्ला मी देणार नाही. मुलीला घरात मान असेल, भावाइतकंच ऐकून घेतलं जात असेल, तर रेस्पेतो टिकतो. नुसता धाक टिकत नाही आणि टिकूही नये.

शिवाय 'लॅटिनो' ही काही एक जात-जमात नव्हे. ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो इथे २००८ ते २०११ दरम्यान सोळा हजारांवर लोकांची एक मोठी पाहणी झाली. तीत पोर्टो रिकन पुरुष आणि बायका दोघांमध्येही साधारण एक तृतीयांश लोक सिगारेट ओढणारे निघाले, तर डॉमिनिकन लोकांत ते प्रमाण दहा-बारा टक्क्यांच्या आसपास होतं. शेजारशेजारची दोन बेटं आणि बोली इतकी जवळची! पण पोर्टो रिकोच्या लोकांना १९१७पासून अमेरिकेचं नागरिकत्व आहे. अमेरिकी बाजार त्यांच्या घरात सगळ्यांत आधी पोचला आणि सगळ्यांत खोल रुजला. माझ्या मते तरी या आकड्यांतला बराच फरक तिथून येतो. दुसरीकडे, चिलीची राजधानी सांतियागो इथे या शतकाच्या सुरुवातीला शाळकरी मुलींमध्ये सिगारेटचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त आढळलं होतं, आणि त्यासाठी त्यांना कॅलिफोर्नियाला यावं लागलं नव्हतं. मूळ देशही बदलतात. पाठ्यपुस्तकात छापलेली संस्कृती कुठेच गोठून राहिलेली नसते.

आणि बदलण्याचंच म्हणाल, तर कायद्याच्या बाबतीत काही मूळ देश अमेरिकेच्या पुढे आहेत. मेक्सिकोने जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखूविरोधी कराराला २००४ सालीच मान्यता दिली, भारतानेही त्याच वर्षी. अमेरिकेने सही केली, मान्यता आजवर दिलेली नाही. उरुग्वेने पाकिटाच्या ८० टक्के भागावर इशारा छापायला लावला. त्याविरुद्ध फिलिप मॉरिस कंपनीने लढवलेला खटला २०१६ साली उरुग्वेने जिंकला. मेक्सिकोने जानेवारी २०२३मध्ये दुकानात सिगारेटची पाकिटं मांडून ठेवायलाही बंदी घातली. अमेरिकेतल्या पाकिटावर मात्र अजून १९८४च्या कायद्यातला तोच बारीक अक्षरांतला मजकूर. तिकडून आलेलं मूल इथल्या पेट्रोलपंपावरच्या दुकानात शिरतं, तेव्हा गल्ल्यामागे रंगीत पाकिटांची भिंत उभी असते. आता सांगा, सिगारेटची संस्कृती कोणाची?

बाजाराने या मुलांना नेमकं हेरलं होतं, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, १९९८च्या अहवालातच नोंदलेलं आहे. लॅटिनोंसाठी 'रिओ' आणि 'डोराडो' अशा नावांच्या सिगारेटी निघाल्या. सिंको दे मायो या मेक्सिकन सणाच्या जत्रांना तंबाखू कंपन्या पैसा पुरवत, समाजाच्या संस्थांना देणग्या आणि विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देत. आपल्या गल्लीतल्या गणेशोत्सवाच्या कमानीवर कोणाचं नाव झळकतं, हे ज्याने पाहिलं आहे त्याला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. सण तुमचा, गाणं तुमचं, भाषा तुमची आणि त्यामध्ये अलगद ठेवलेला माल त्यांचा. आता सिगारेट मागे पडली. २०२४च्या राष्ट्रीय पाहणीत शाळकरी मुलांमध्ये सिगारेट ओढणारी १.४ टक्केच उरली, पण वाफेची उपकरणं वापरणारी ५.९ टक्के होती आणि त्यांतली ८७.६ टक्के मुलं स्वादाची उपकरणं वापरत होती. आंबा, कलिंगड, पुदिना. ज्या आईने आयुष्यभर आंब्याच्या फोडींवर मीठ-मिरची टाकून मुलांना खाऊ घातलं, तिच्या नाकाला तो वास धोक्याचा वाटणार कसा? कॅलिफोर्नियात स्वादाच्या तंबाखूवर बंदी आहे. नोव्हेंबर २०२२च्या मतदानात लोकांनी ती कायम केली, २१ डिसेंबरपासून लागू झाली. तरीही ते नारिंगी उपकरण त्या टेबलावर आलंच.

मुलांच्या मनाचं काय? दक्षिण कॅलिफोर्नियातल्या लॅटिनो शाळकरी मुलांचा काही वर्षं पाठपुरावा करणाऱ्या संशोधकांना एक साखळी दिसली: भेदभावाचा अनुभव, त्यातून येणारी खिन्नता आणि त्यातून सिगारेट. मुलांमध्येही दिसली, मुलींमध्येही. दुकानात शिरल्यावर मागे मागे फिरणारा रखवालदार, नाव उच्चारताना शिक्षकांनी केलेला खोळंबा, 'तुम्ही नक्की कुठले?' हा प्रश्न. मोठ्यांना हे किरकोळ वाटतं, पंधराव्या वर्षी ते रात्रभर टोचतं. आणि घरी सांगायची सोय नाही, कारण आईबाप दोन-दोन नोकऱ्या करून थकलेले. त्यात आईसाठी बँकेत, दवाखान्यात, घरमालकाकडे दुभाषाचं काम करणारं मूल वयाआधी घरातलं कर्तं माणूस होऊन बसतं. आईला इंग्रजी येत नाही, मुलाचं स्पॅनिश आटत चाललेलं. एकाच छपराखाली दोघं राहतात, पण मनातलं बोलायला दोघांची मिळून एक भाषा उरत नाही.

आता एका गोष्टीबद्दल, जी आठवली की माझा जीव खालीवर होतो. अमेरिकेत डिसेंबर २०१९पासून २१ वर्षांखालच्या कोणालाही सिगारेट विकता येत नाही. पण तंबाखूच्या शेतात मजुरी करायला १२ वर्षांचं मूल चालतं. पालकांची संमती आणि शाळेबाहेरची वेळ एवढंच पाहिलं जातं, तासांना मर्यादा नाही. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०१४ साली नॉर्थ कॅरोलायना, केंटकी, टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांतल्या १४१ बालमजुरांशी बोलून अहवाल काढला. वयं ७ ते १७. बहुतेक लॅटिनो स्थलांतरितांची मुलं. जवळपास तीन चतुर्थांश मुलांनी मळमळ, उलट्या, डोकेदुखी, चक्कर असा त्रास सांगितला. पहाटेच्या दवाने ओल्या झालेल्या पानांतलं निकोटिन कातडीतून अंगात भिनतं. त्यापासून बचाव म्हणून ही मुलं कचऱ्याच्या काळ्या प्लास्टिक पिशव्यांना भोकं पाडून अंगात घालतात, दक्षिणेतल्या त्या उन्हाळ्यात. नॉर्थ कॅरोलायनातल्या शेतमजुरांच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली: जे मजूर आधीच तंबाखू वापरतात, त्यांना हा त्रास कमी होतो, कारण त्यांचं अंग निकोटिनला सरावलेलं असतं. म्हणजे ज्या कामाने पोराला ओकारी येते, त्या कामात तगायचा एक मार्ग सिगारेट. वखारीत काम करणाऱ्या आमच्या गल्लीतल्या बायकांचे ठसके मला अजून ऐकू येतात, आणि त्यांतल्या कितीजणी तंबाखूची चिमूट गालात धरून काम करत तेही आठवतं. सोळा वर्षांखालच्या मुलांना तंबाखूच्या शेतात कामाला लावू नये, असा नियम अमेरिकेच्या कामगार खात्याने २०११ साली सुचवला होता. एप्रिल २०१२मध्ये तो मागे घेतला. पुढे काही मोठ्या कंपन्यांनी आपापली वयाची अट घातली, पण केंद्रीय कायदा आहे तिथेच आहे. या मुलांच्या सिगारेटचं मूळ त्यांच्या आईच्या स्वयंपाकघरात शोधणाऱ्याने आधी या शेताच्या बांधावर एक सकाळ उभं राहावं.

उपाय माहीत नाहीत असं नाही. मायामीत 'फामिलियास उनिदास' नावाचा कार्यक्रम उभा राहिला. त्याचं वैशिष्ट्य असं, की तो मुलांना फळ्यासमोर बसवून धडे देण्याऐवजी आईवडिलांना एकत्र बसवतो. तेही स्पॅनिशमध्ये, त्यांच्या सवडीने. इथली शाळा कशी चालते, मुलांचे मित्र कोण, तंबाखू-दारूबद्दल मुलांशी न भांडता कसं बोलायचं, हे ते एकमेकांकडून शिकतात. या कार्यक्रमातल्या कुटुंबांच्या मुलांमध्ये सिगारेट कमी झाल्याचं नियंत्रित चाचण्यांत दिसलं आहे. भिंत आतून लिंपायचं हे काम. त्यासाठी पैसा लागतो, पण फार नाही. दुभाषाला लागतो त्याहून कितीतरी जास्त पैसा वाफ पकडणारी यंत्रं स्वच्छतागृहात बसवायला लागतो, आणि तो शाळा खर्च करतात. माझी मागणी साधी आहे. मुलाच्या व्यसनाबद्दल आईशी बोलायचं असेल, तर त्या मुलाला दुभाषा करू नका. आमच्याही मंडळींना हेच सांगणं आहे. आपल्या वाणसामानाच्या दुकानात गल्ल्याखालून गुटख्याच्या पुड्या मिळतात, महाराष्ट्रात ज्याच्यावर २०१२पासून बंदी आहे तोच गुटखा. तेव्हा 'त्यांची संस्कृती' हा शब्द तोंडात घोळवण्याआधी आपल्या दुकानदाराशी बोला.

पण दिवस उलटे आले आहेत. सरकारी मदतीतून चालणाऱ्या सेवांनी इंग्रजी न येणाऱ्यांची सोय करावी असा राष्ट्राध्यक्षांचा २००० सालचा आदेश मार्च २०२५मध्ये रद्द झाला. रोगनियंत्रण केंद्रांचा धूम्रपानविषयक विभाग एप्रिलमध्ये जवळपास रिकामा केला गेला. जूनमध्ये लॉस एंजलिसमध्ये स्थलांतरितांवर धाडी सुरू झाल्या. कामाच्या ठिकाणी, दुकानांच्या आवारात, रस्त्यात. त्यानंतर कितीतरी आया मुलांच्या लसीलाही दवाखान्यात येईनात.

त्या मुलाच्या आईशी मी नंतर फोनवर स्वतः बोलले होते. माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये निकोटिनची गोष्ट तिला सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तो बिसिओच आहे. मला वाटलं, खेळणं आहे." तिने एवढंच विचारलं की त्याच्याशी कसं बोलू, तो हातचा जाणार नाही असं. म्हणून आम्ही भेट ठरवली. जूनमधल्या एका मंगळवारी, तिची पाळी संपल्यावर, संध्याकाळी पाच वाजता. या वेळी दुभाषी बाई मिळाली होती. त्या पावणेपाचलाच येऊन बसल्या, आईसाठी आणि मुलासाठी दोन खुर्च्या समोरासमोर न ठेवता शेजारी शेजारी ठेवल्या. साडेसहापर्यंत आम्ही थांबलो. फोन दोनदा वाजून बंद झाला, तिसऱ्यांदा लागलाच नाही.